पंचवीसचे बावन्न: एका प्रमाणपत्रामागची धावपळ

परळ भागातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी गणित आणि विज्ञान शिकवते. ओंकार (नाव बदललं आहे) आठवीत माझ्या वर्गात आला, तेव्हा स्टाफरूममध्ये त्याच्याबद्दल "हुशार आहे, पण कामचुकार" एवढंच ऐकलं होतं. तोंडी विचारलं की तो विद्युत परिपथ मला समजावून सांगायचा. पेपरात मात्र तेच उत्तर दीड ओळीत संपायचं.

म्हणून गुण बाजूला ठेवून मी त्याच्या चुका तारखेसकट एका वहीत उतरवू लागले. पंचवीस म्हटलं की तो ५२ लिहायचा, त्र्याऐंशी म्हटलं की ३८. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, त्यामुळे लहान मुलं इथे अडखळतातच. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत आली ती याच अडचणीमुळे, आणि त्यावरून वाद केवढा झाला! पण आठवीपर्यंत बहुतेक मुलं यातून बाहेर पडलेली असतात. ओंकार पडला नव्हता. शिवाय घ आणि ध, म आणि भ यांची अदलाबदल व्हायची, वेलांट्या गळायच्या, जोडाक्षर दिसलं की शब्दच सोडून द्यायचा, फळ्यावरून उतरवताना मधली ओळ गायब व्हायची. आळसाने झालेल्या चुका इतक्या ठरावीक नसतात, हे माझं ठाम मत आहे.

मी आधी त्याला डोळे आणि कान तपासून घ्यायला लावले. दोन्ही ठीक निघाले. शाळा फारशी बुडालेली नव्हती. मग त्याच्या आईला बोलावलं. त्या पोळीभाजी केंद्रात कामाला जातात, दुपारी सुटल्यावर तशाच आल्या. अध्ययन अक्षमता आहे का ते तपासून घेऊ, तसं प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतील, असं मी सांगितलं. अध्ययन अक्षमता हा शब्द ऐकून त्या घाबरल्या. "बाई, वेडा म्हणून कागद देतील का हो त्याला?" मी सांगितलं, "ताई, उलट आहे. बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडतं, तेव्हाच हा कागद मिळतो." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे माझा पोरगा ढ नाहीये ना?" एवढी वर्षं हा प्रश्न त्या एकट्याच बाळगून होत्या, याचं मला फार वाईट वाटलं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. मुंबईत शीव, नायर अशा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत ही तपासणी होते. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र, मागच्या इयत्तांची प्रगतिपुस्तकं आणि मुलाच्या वह्या सोबत न्याव्यात. केसपेपर काढल्यावर डॉक्टरांची तपासणी, मग बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन, लेखन आणि गणिताची चाचणी. हे सगळं एका दिवसात होत नाही, आणि होऊही नये. दमलेल्या मुलाची चाचणी खरी येत नाही. आई-वडिलांची रोजी बुडते, म्हणून काही खेपांना मी त्याच्यासोबत गेले. माझी चुकांची वही तिथल्या मॅडमनी पानन् पान पाहिली. शिक्षकांनी अशी नोंद आवर्जून ठेवावी, "अभ्यासात कच्चा आहे" असल्या पत्रातून कुणालाच काही कळत नाही.

माझं कळकळीचं सांगणं आहे की हे आठवीतच सुरू करा. दहावीचा फॉर्म भरायची वेळ आली की सगळेच पळतात. प्रमाणपत्र मिळाल्यावर सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे, म्हणजे आपल्यासाठी वाशीला जातो. ओंकारला वाढीव वेळ आणि लेखनिक, म्हणजे तो सांगेल तसं उत्तर लिहून देणारा विद्यार्थी, मिळाला. तासाला वीस मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास.

पण लेखनिक मिळाला म्हणजे काम झालं, असं नाही. लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो, त्याला दहावीचं गणित येत नाही. पायरी कुठे संपली, समान चिन्ह कुठे, कंसाचा वर्ग की आतल्या संख्येचा, हे सगळं बोलून सांगावं लागतं. त्यासाठी शाळा सुटल्यावर नववीतल्या एका मुलीला सोबत बसवून आम्ही कितीतरी आठवडे सराव केला. सुरुवातीला ओंकार लाजायचा. नंतर तो तिला थांबवून "खोडू नको, पुढच्या ओळीत घे" म्हणू लागला, तेव्हा मला खरा धीर आला.

त्याच वर्गातल्या एका मुलीला तपासणीत अध्ययन अक्षमता निघाली नाही, त्यामुळे प्रमाणपत्रही नाही. तरी तिचं वाचन अडतंच. तिलाही मी प्रश्न मोठ्याने वाचून दाखवते, फळ्यावरचं सगळं उतरवायला न लावता छापील कागद देते, निम्मी उत्तरं तोंडी घेते. वर्गात एवढं करायला कुणाचा शिक्का लागत नाही. तिच्या नावाचीही वही सुरू केली आहे. सध्या तिची गाडी रफाराशी अडते, तिथूनच आम्ही दोघी रोज दहा मिनिटं वाचतो.