उडणारा कर्सर आणि लोंबकळणारी हिरवी वायर

मंगळवार, रात्री

लॅपटॉपच्या टचपॅडचे दुखणे एक नसून दोन आहेत, हे आज पक्के झाले. झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप पुन्हा उघडला की टचपॅड काही वेळा अगदी मुका होतो. बोट कितीही फिरवा, कर्सर जागचा हलत नाही. दुसरे लक्षण नेमके उलटे आहे: आपण सांगितलेले नसताना कर्सर उडी मारतो, आणि सूतखरेदीचा हिशेब भरताना 20 काउंटच्या सुताची रक्कम शेजारच्या रकान्यात जाऊन बसते. मुका टचपॅड निदान दिसतो तरी. चुकीच्या रकान्यात पडलेला आकडा मात्र जीएसटी भरण्याच्या दिवसापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. दुरुस्तीच्या दुकानात दोन्ही लक्षणे एका दमात सांगितली की समोरचा माणूस ‘पॅड बदलून टाकू’ म्हणतो आणि मोकळा होतो.

डेबियन या लिनक्स प्रणालीवर काम करण्याचा मोठा फायदा असा, की यंत्रात काय बिनसले ते तिथे लिहिलेले असते आणि कोणालाही वाचता येते. टर्मिनलमध्ये जर्नलसीटीएल ही आज्ञा चालवून कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, नोंदी काढल्या, तेव्हा झाकण उघडल्याच्या वेळेसमोर ‘लॉस्ट सिंक ॲट बाइट 1’ (पहिल्या बाइटला मेळ सुटला) ही ओळ पुन्हा पुन्हा आलेली दिसली. माझा टचपॅड पीएस/2 या मार्गाने जोडलेला आहे. आयबीएमने 1987 साली आपल्या संगणकांबरोबर आणलेली ही पद्धत आतल्या आत अजूनही वापरात आहे. बोटाची जागा कळवण्यासाठी टचपॅड 6 बाइटचे एक पाकीट पाठवतो, आणि पहिल्या व चौथ्या बाइटमधले काही ठरावीक बिट पाहून ड्रायव्हर, म्हणजे टचपॅड चालवणारा प्रोग्रॅम, पाकीट कोठे सुरू झाले ते ओळखतो. झोपेतून उठताना एखादा बाइट गळला, की पुढचा सगळा हिशेब एका घराने सरकतो आणि ड्रायव्हरला आलेल्या पाकिटाचा अर्थच लागेनासा होतो. मॉडप्रोब या आज्ञेने ‘पीएसमाऊस’ हे ड्रायव्हरचे मॉड्यूल काढून पुन्हा घातले की टचपॅड बोलू लागतो. परंतु दर वेळी पासवर्ड टाकून हे करणे म्हणजे कायमचा उपाय नव्हे.

खरा उपाय कर्नलनेच सांगून ठेवला होता. संगणक सुरू होतानाच्या नोंदींमध्ये एक लांबलचक ओळ आहे आणि तिचा आशय असा: तुमचा टचपॅड दुसऱ्या मार्गानेही बोलू शकतो असे तो म्हणतो आहे, तेव्हा ‘सिनॅप्टिक्स इंटरटच’ हा पर्याय 1 करून पाहा आणि काय झाले ते आम्हाला कळवा. यंत्राने इतक्या नम्रपणे अभिप्राय मागावा याचे मला हसू आले आणि कौतुकही वाटले. संगणक सुरू करून देणाऱ्या ग्रब या प्रोग्रॅमची यादी पडद्यावर आल्यावर ‘ई’ दाबून तो पर्याय लिनक्सच्या ओळीच्या शेवटी लिहिला. असे केले की बदल तेवढ्या एका वेळेपुरताच राहतो, आणि काही बिघडले तर पुढच्या वेळी सारे पूर्ववत असते. टचपॅड आता एसएमबस या दुसऱ्या मार्गावर गेला आहे. झाकण मिटून उघडून पाहिले. कर्सर लगेच हलला. उड्या मात्र तशाच आहेत.

अशा दुखण्यावर चार-पाच पर्याय एकदम त्या ओळीत चिकटवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला मुळीच पटत नाही, कारण गुण आलाच तर कोणत्या औषधाने आला हे कधीच कळत नाही.

गुरुवार

उड्यांचाही माग नोंदींमध्येच सापडला. टचपॅडवरून आलेल्या हालचालींचा अर्थ लावण्याचे काम लिबइनपुट करते, त्याची 1.0 ही आवृत्ती 2015 मध्ये आली. दोन पाकिटांच्या मधल्या क्षणात बोट जाऊच शकणार नाही इतके अंतर दिसले, तर ‘टच जंप डिटेक्टेड अँड डिस्कार्डेड’ (उडी आढळली, टाकून दिली) असे लिहून ते ती हालचाल टाकून देते. मोठ्या उड्या अशा अडवल्या जातात, पण लहान उड्या चाळणीतून निसटतात. त्या ओळींपुढच्या वेळा पाहिल्या, तर एकूण एक नोंद चार्जर लावलेला असतानाची निघाली.

मग लिबइनपुटची ‘डीबग-इव्हेंट्स’ ही आज्ञा चालवून पॅडवर बोट न हलवता नुसते टेकवून ठेवले. चार्जर लावलेला असताना पडद्यावर ओळींची रांग धावत राहिली. चार्जरची पिन काढताच ती थांबली. पुन्हा लावली, पुन्हा सुरू. टचपॅड बोटामुळे विद्युतधारितेत पडणारा अत्यंत सूक्ष्म फरक मोजत असतो. चार्जरला अर्थिंग मिळाले नाही, तर त्याच्या आतल्या कपॅसिटरमधून लॅपटॉपच्या धातूच्या भागांवर 230 व्होल्टच्या साधारण निम्म्यापर्यंत दाब चढू शकतो. त्यातून वाहणारा प्रवाह नगण्य असतो, परंतु त्या गोंगाटात बोट कोठे आहे हे पॅडने अचूक कसे ओळखावे? बिजागरीच्या स्क्रूला टेस्टर लावला, तर आतला दिवा मंद पेटला.

शनिवार

वायरमन अण्णा दुपारी आले. सोलापूरच्या वैशाखात दुपारी कोणाला बोलावणे म्हणजे संकोचच वाटतो; बाहेर चाळिशी ओलांडलेली होती आणि पलीकडच्या शेडमधले माग तरीही खडखडत होते. लॅपटॉपचे सगळे पुराण मी त्यांना सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि बोर्डाचे चार स्क्रू काढले. तीन पिनच्या सॉकेटचे वरचे मोठे छिद्र आतून मोकळेच होते. हिरवी वायर बोर्डात आणून, टोक न सोलताच, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली होती. ‘‘ताई, अर्थिंगच नाही की हो ह्याला,’’ अण्णा म्हणाले, ‘‘नुसतं भोक दिलंय.’’

त्यांनी वायर सोलून जोडली आणि मल्टिमीटर लावला. फेज आणि अर्थिंग यांच्यामधला दाब फेज-न्यूट्रलच्या बरोबरीने दिसायला हवा होता, पण तो बराच कमी भरला. अंगणातला अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडला होता. कोळसा आणि मीठ घालून केलेल्या खड्ड्याला ओल लागते, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच मोजदाद चालते. तेव्हा सासूबाईंनी कपडे खळबळल्याचे पाणी बादल्यांनी तिथे ओतायला लावले. थोड्या वेळाने आकडा वर सरकला. अण्णांनी खड्ड्यावरचे फुटलेले झाकण बदलायला सांगितले आणि पाणी आठवड्यातून एकदा तरी टाका म्हणून बजावले.

त्यानंतर संध्याकाळभर चार्जर लावूनच हिशेब भरला. उडीची एकही नोंद नाही, आणि स्क्रूला लावलेला टेस्टर पेटत नाही. इंटरटचचा पर्याय आता ग्रबच्या फाइलीत कायमचा लिहून अपडेट-ग्रब चालवले. कर्नलने मागितलेला अभिप्राय टचपॅडच्या ओळख क्रमांकासह रात्री पाठवला. कारखान्याच्या ऑफिसातला बोर्डही त्याच वर्षी, त्याच हातांनी बसवलेला आहे. अण्णा सोमवारी तो उघडून पाहणार आहेत.