येथून, तेथून, कोठून

भाच्याने पुण्यात भाड्याने घेतलेल्या घराच्या ११ महिन्यांच्या करारावर साक्षीदार म्हणून मी परवा दुपारी त्याच्याकडे गेले होते. अंगठ्याचे यंत्र आणि लॅपटॉप घेऊन आलेला एजंट चहा संपवून घड्याळाकडे पाहत होता आणि मी मात्र, न वाचता कशालाही मान्यता द्यायची नाही या जुन्या खोडीपायी, पहिल्याच परिच्छेदातल्या ‘हिअरिनाफ्टर’पाशी अडकले होते. खाली ‘व्हेअरॅज’, मग ‘हिअरबाय’, ‘देअरऑफ’, ‘हिअरअंडर’.

“मावशी, ते तसंच असतं गं. तू अंगठा ठेव.”

ते तसेच असते हे मलाही ठाऊक होते. वडिलांच्या ट्रंकेतल्या खरेदीखतात ‘सदरहू’, ‘सबब’ आणि ‘येणेप्रमाणे’ अशीच दाटीवाटीने बसलेली असत आणि त्यांचा अर्थ घरात कोणी कोणाला विचारल्याचे आठवत नाही.

या इंग्रजी घराण्याशी माझी ओळख आठवीत झाली. गणित इंग्रजीतून सुरू झाले आणि प्रत्येक प्रमेयाच्या शेवटी ‘हेन्स प्रूव्हड’ लिहून खाली दुहेरी रेघ मारायची शिस्त लागली. पायथागोरस जसा होता तसाच हेन्स नावाचा कोणी साहेब असावा आणि उरलेली सगळी प्रमेये त्यानेच सिद्ध केली असावीत, अशी माझी बरेच दिवस प्रामाणिक समजूत होती. एवढा कर्तबगार माणूस, आणि त्याचा एकही धडा कसा नाही, याचे मात्र नवल वाटे.

‘हेन्स’ म्हणजे मुळात ‘येथून’, हे पुष्कळ उशिरा कळले. त्याची भावंडे ‘देन्स’ आणि ‘व्हेन्स’, म्हणजे तेथून आणि कोठून. चुलत भावंडे ‘हिदर’, ‘दिदर’, ‘व्हिदर’, म्हणजे इकडे, तिकडे, कोणीकडे. पहिल्या अक्षरावरून कूळ ओळखावे, ही तर थेट आपलीच रीत: तेथे, तेव्हा, तसा, तितका, जेथे, जेव्हा, जसा, जितका, कोठे, केव्हा, कसा, किती. आपण ‘ज’ आणि ‘क’ वेगळे ठेवले. इंग्रजीने मात्र ‘जेथे’ सांगणे आणि ‘कोठे’ विचारणे एकाच अक्षरावर (दोन्हींना ‘व्हेअर’) भागवले, हा मला तिचा कद्रूपणा वाटतो. शिवाय आपली सगळी मंडळी अजून घरात नांदत आहेत. तिकडची बरीचशी बोलण्यातून हद्दपार होऊन वकिलांच्या आश्रयाला गेली. ‘हेन्स’ तेवढा टिकला, तोही ‘येथून’चा ‘म्हणून’ होऊन. आपला ‘तेव्हा’ नाही का, वेळ सांगता सांगता “तेव्हा आता निघा” म्हणू लागला?

‘हिअरबाय’पाशी मात्र मी पुन्हा थांबले. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेल्या उद्देशिकेत, २६ नोव्हेंबर १९४९ ही तारीख लिहिल्यानंतर, संविधान अंगीकृत करण्याच्या आधी जो ‘याद्वारे’ येतो, तो हाच. लहानपणी त्या लांबलचक वाक्यात मी नेमकी तेथे श्वास घेत असे. तो शब्द काढला तरी वाक्याचे व्याकरण अडत नाही. पण मग ते नुसतेच काय केले ते सांगते. ‘याद्वारे’ असले की वाचता वाचताच ते घडते.

हे भाच्याला सांगावे म्हणून मी मान वर केली, तर एजंटने यंत्र माझ्यापुढे सरकवले होते. अंगठा दोनदा उमटला नाही. “मॅडम, जरा पुसून ठेवा,” तो म्हणाला. मी पदराला पुसून पुन्हा ठेवला.