रेंज नसलेल्या शेतात सातबारा

मुळशी तालुक्यात, ताम्हिणी घाटाच्या अलीकडे, आमची वडिलोपार्जित जमीन आहे. सातबाऱ्यावर पाच नावे आहेत आणि वडील गेल्यानंतर वारस नोंदीपासून मोजणीपर्यंतची धावपळ माझ्याकडे आली. मी कोथरूडला राहते. कागद मात्र पाच घरांत विखुरलेले होते. ते गोळा करून, स्कॅन करून मी एका क्लाउड स्टोरेज ॲपमध्ये ठेवले आणि तो फोल्डर गावी राहणाऱ्या चुलतभावालाही खुला करून दिला. खरेदीखते, फेरफार, आठ-अ, जुन्या मोजणीचा नकाशा अशा एकूण 212 फाइली झाल्या.

हे ॲप निवडण्याचे कारण एकच होते. फोल्डरच्या नावाशेजारच्या तीन टिंबांवर बोट ठेवले, की तो संपूर्ण फोल्डर ऑफलाइन ठेवता येत असे. पुढे भावाने त्यात एखादा कागद टाकला, तर घरातले वायफाय मिळताच तोही आपोआप माझ्या फोनमध्ये उतरत असे. पौडपर्यंत रेंज नीट असते. धरणाच्या पाण्याकडेने पुढे गेले की ती जाते-येते आणि आमच्या शेतात तर ती नसतेच. त्यामुळे ही सोय माझ्या लेखी ॲपचा एक भाग नव्हती, तेच ॲप होते.

मोजणीच्या दिवशी भूकरमापकांनी आमच्या पूर्वेकडील हद्दीविषयी शंका काढली आणि जुन्या वाटपाचा फेरफार मागितला. मी फोन उघडला. फोल्डर दिसत होता, फाइलींची नावे दिसत होती, पण बोट लावले की नुसते चक्र फिरत राही. गंमत म्हणजे आदल्या रात्री मी चाळलेल्या दोन-तीन फाइली लगेच उघडल्या, त्यामुळे दोष फोनचा की रेंजचा, या घोळात माझी दहा मिनिटे गेली. लगतचे खातेदार बांधावर उभे होते, त्यांतल्या एकाने सहानुभूतीने आपला फोन पुढे केला. त्यालाही रेंज नव्हती. अखेर भावाने घरी जाऊन पत्र्याच्या पेटीतून मूळ कागद आणला आणि काम निभावले.

घरी आल्यावर उलगडा झाला. नव्या अपडेटमध्ये फोल्डर ऑफलाइन ठेवण्याचा पर्यायच काढून टाकला होता आणि आधी उतरवलेल्या प्रतीही फोनमधून गेल्या होत्या. ज्या दोन-तीन फाइली उघडल्या, त्या ॲपने तात्पुरत्या साठवलेल्या होत्या. अशी साठवण जागा कमी पडताच पुसली जाते, तिच्यावर विसंबता येत नाही. कंपनीला लिहिले, तेव्हा ‘ॲप अधिक सोपे करण्यासाठी’ बदल केल्याचे नम्र उत्तर आले. कोणासाठी सोपे, हे मी विचारले नाही.

एकेक फाइल ऑफलाइन ठेवण्याची सोय अजून शिल्लक होती. एका संध्याकाळी मी चिकाटीने साठेक फाइली तशा ठेवल्याही, पण भाऊ उद्या जो कागद टाकेल तो यात येणार नाही, हे लक्षात आल्यावर थांबले. भाच्याने जुनी आवृत्ती बाहेरून मिळवून बसवण्याचा सल्ला दिला. ज्या ॲपमध्ये पाच जणांची आधार कार्डे आणि खरेदीखते आहेत, त्याची कोणत्या तरी अनोळखी संकेतस्थळावरची प्रत फोनमध्ये घेणे मला पटले नाही.

शेवटी मार्ग लॅपटॉपवरून निघाला. संगणकावरच्या ॲपमध्ये संपूर्ण फोल्डर उतरवण्याची सोय शाबूत होती. तो फोल्डर मी केबल लावून थेट फोनच्या स्वतःच्या साठवणीत, पासवर्ड लावलेल्या कप्प्यात उतरवला. क्लाउडच्या ॲपचे कुलूप तिथे लागू नसल्याने हा कप्पा आवश्यक होता. त्याआधी एकेका विषयाचे कागद जोडून 212 फाइलींच्या 14 पीडीएफ केल्या. नावांच्या आरंभी 01, 02 असे दोन अंकी क्रमांक दिले, कारण नुसते 1, 2 दिले तर अनेक ठिकाणी 10 हा 2 च्या आधी येऊन बसतो. जागा वाचवण्यासाठी मी सर्व पीडीएफचा आकार कमी केला, ती मात्र चूक ठरली: मजकूर वाचता येत होता, पण मोजणीच्या नकाशावरील बारीक आकडे मोठे करून पाहताच विरघळत होते, आणि हद्दीच्या वादात त्या आकड्यांनाच किंमत असते. नकाशे पुन्हा मूळ स्कॅनमधून घेतले. त्यानंतर फोन विमान मोडवर टाकून सर्व 14 फाइली एकदा उघडून पाहिल्या. ही तपासणी मोजणीच्या आदल्या रात्री केली असती, तर भावाची फेरी वाचली असती.

या व्यवस्थेत एक उणीव आहे आणि ती मला महिन्याभरातच भोवली. भावाने 15 रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा नवा सातबारा काढला आणि फोल्डरमध्ये टाकला; वारसांची नावे त्यात लागलेली होती. माझ्या फोनमध्ये मात्र वडिलांच्या नावाचा जुनाच उतारा होता आणि मी वकिलांना तोच दाखवला. तेव्हापासून आम्ही ठरवले, की खरी फाइल क्लाउडमधली. फोनमधली केवळ तिची नक्कल. नक्कलेत काही बदलायचे नाही. शेतात काढलेला फोटोही आधी क्लाउडमध्ये जातो, मग लॅपटॉपमार्गे फोनमध्ये येतो. फोनमधल्या फोल्डरच्या नावातच उतरवल्याची तारीख लिहिते.

जे काम ॲप न सांगता करत असे, ते आता भाऊ करतो. कागद टाकला की त्याचा फोन येतो, “ताई, टाकलंय, उतरवून घे,” आणि मी केबल शोधायला उठते.