सिरॅमिकच्या प्लेटला चौकोनी भोक: अल्ट्रासॉनिकवरचा माझा अनुभव

काम असं: 5 मिमी जाडीची अल्युमिना सिरॅमिकची प्लेट, त्यात 4 मिमीचं चौकोनी आरपार भोक. आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत असं काम आलं की पहिला सल्ला वायर कटचा, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापायचा, मिळतो. पण अल्युमिनातून वीज वाहत नाही, स्पार्क पडणार कुठून? डायमंड ड्रिलने भोक पडतं, पण गोल.

म्हणून अल्ट्रासॉनिक मशीन, म्हणजे अतिवेगवान कंपनाने कापणारं. यात टूल फिरत नाही. सेकंदाला 20 हजार वेळा, 25-30 मायक्रॉन (मिमीचे हजारावे भाग) इतकंच खालीवर होतं. खरी कापणी टूलखालच्या पाण्यातले बोरॉन कार्बाइड या अतिकठीण पावडरचे कण करतात. टूल त्यांना ठोकतं, ते सिरॅमिकचे बारीक टवके उडवतात. म्हणून टूल माइल्ड स्टीलचं चालतं. पोलाद चिवट, मार सोसतं. सिरॅमिक ठिसूळ, फुटतं.

टूल 4 मिमीचं केलं तर भोक मोठं होतं. 280 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे पावडरच्या बारीकपणाचा नंबर) कण साधारण 37 मायक्रॉनचा, आणि प्रत्येक बाजूला एका कणाएवढी जागा वाढते. म्हणून टूल 3.92 मिमीचं. ते टायटॅनियम हॉर्नला, म्हणजे कंपन टूलपर्यंत पोचवणाऱ्या दांड्याला, सिल्व्हर ब्रेझिंगने (चांदीमिश्रित धातू वितळवून) जोडलं. टूलची लांबी बदलली की ट्यूनिंग, म्हणजे मशीनच्या कंपनाशी हॉर्न-टूलचा जमलेला मेळ, बिघडतं, तेव्हा दर नव्या टूलला फ्रिक्वेन्सी पुन्हा लावायची. टूलच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवून बघा: जमलं असेल तर क्षणात धुकं होऊन उडतो, नसेल तर नुसता थरथरतो. हॉर्न तापून चिरका आवाज आला की ब्रेझिंगला चीर गेली समजायचं.

स्लरी, म्हणजे पाणी आणि कणांचं मिश्रण: एक लिटर पाण्याला एक किलो पावडर, म्हणजे आकारमानाने 28 टक्क्यांच्या आसपास. पंप थांबला की पावडर तळाला बसते, मग टूल नुसत्या पाण्यात ठोकत राहतं.

काम हळू वाटतं म्हणून टूलवरचं वजन वाढवायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण जास्त दाबाने कण अडकतात, कंपन दबतं आणि वेग उलट घटतो. त्यापेक्षा मधूनमधून टूल वर घेतलं की चुरा निघतो, ताजी स्लरी आत जाते.

“खालचे कोपरे फुटायलेत बघा,” ही तक्रार हमखास येते. टूल आरपार निघताना शेवटचा पातळ थर टिकत नाही. प्लेट गरम करून राळ-मेणाने 5 मिमीच्या काचेवर चिकटवली की फुटायचं ते काचेत फुटतं. टूल त्या काचेत 2 मिमी उतरू द्यायचं. झिजून गोल झालेलं टोक पुढे निघून जातं आणि वरचा न झिजलेला भाग भोकाचं माप धरतो.