मॅग्नेशियम, आम्ल आणि थर्मोकोलचा कप

धातू आम्लात टाकला की उष्णता निघते, हे सगळेच पाठ करतात. किती निघते, ते मोजायला थर्मोकोलचे दोन कप एकात एक बसवा. काचेचा बीकर नको, तो स्वतःच उष्णता खातो. कपात १ मोलर (लिटरमागे १ मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिली घ्या. (२५० मिली बनवायचं तर संहत आम्ल साधारण २१ मिली, आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.)

मॅग्नेशियमची ०.१ ग्रॅम फीत पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा. काळपट ऑक्साइड राहिलं तर वजनात धातू कमी भरतो आणि उत्तर खाली येतं. दर मोलला (म्हणजे सुमारे २४ ग्रॅम मॅग्नेशियमला) सुमारे ४६७ किलोज्यूल उष्णता निघते, म्हणजे पारा साधारण ९ अंश चढायला हवा. सातच चढला, तर आधी कपाच्या भिंतीकडे बघा: हायड्रोजनचे बुडबुडे फितीला वर उचलतात आणि तुकडा आम्लाच्या वर चिकटून बसतो. फितीची सैल गुंडाळी करून हलकेच ढवळत राहा. झाकणाला भोक ठेवा, जवळ ज्योत नको.

तेवढ्याच वजनाच्या जस्ताने जेमतेम १ अंश वाढ होते, ०.२ अंशाच्या खुणांची तापमापी लागतेच. ॲल्युमिनियम आधी काही मिनिटं ढिम्म, मग ऑक्साइडचा थर विरघळताच एकदम उसळतं. तांब्याला हे आम्ल काहीच करत नाही.