तुम्ही विचारलंत म्हणून: पाइपलाइनमध्ये लांब पर्याय का?

सॉफ्टवेअर आपोआप बिल्ड आणि रिलीज करणाऱ्या पाइपलाइनच्या आज्ञा आम्ही एका फाइलीत लिहितो. हिंजवडीच्या आमच्या टीममध्ये नवीन कोणी आलं, की पहिल्या एक-दोन रिव्ह्यूतच (कोडच्या तपासणीत) हा प्रश्न येतो. “ताई, नुसतं ‘-क्यू’ लिहिलं तरी चालतं ना? तुम्ही सगळीकडे ‘--क्वाएट’ का लिहायला लावता?” (आज्ञेने कसं वागायचं ते सांगणारे हे पर्याय: एका अक्षराचा छोटा, पूर्ण शब्दाचा लांब.)

स्वतःच्या टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) हवं ते लिहा. तिथे समोर तुम्हीच असता, काही बिनसलं तर लगेच दिसतं. पाइपलाइनची फाइल मात्र एकदा लिहिली की वर्षानुवर्षं कोणी न बघता चालत राहते. ती उघडायची वेळ येते तेव्हा बहुतेक वेळा रिलीज अडकलेलं असतं, आणि वाचणारा माणूस दुसराच असतो.

आता ‘-क्यू’च घ्या. मेव्हन, ग्रेडल, डॉकर बिल्ड ही कोडपासून सॉफ्टवेअर बनवणारी टूल्स; तिन्हीकडे अर्थ एकच: आउटपुट कमी दाखव. त्याच सवयीने जीएनयू मेक या बिल्ड टूलला ‘-क्यू’ दिलंत तर ते गप्प बसतं खरं, पण कामही करत नाही. तिथे हा पर्याय फक्त चौकशीचा आहे. बिल्डची गरज आहे का एवढं मेक तपासतं आणि उत्तर एक्झिट कोडमधून (काम संपताना टूल परत देतं त्या आकड्यातून) देतं: गरज नसेल तर ०, असेल तर १. ताज्या चेकआउटवर (नुकत्याच उतरवलेल्या कोडवर) सगळंच बिल्ड करायचं असतं, म्हणजे १ ठरलेलाच. पाइपलाइन चालवणाऱ्या जेनकिन्सच्या शेल स्टेपला (आज्ञा चालवणाऱ्या पायरीला) ० सोडून काही मिळालं की ती स्टेज लाल, म्हणजे फसली. लॉगमध्ये मेकची एकही ओळ नाही, त्यामुळे शोधायचं तरी कुठे?

तिथेच ‘--क्वाएट’ लिहा. चारही टूल्सना त्याचा अर्थ एकच लागतो.

‘-टी’चं प्रकरण याहून वाईट. डॉकर बिल्डमध्ये त्याने इमेजला, म्हणजे बनलेल्या पॅकेजला, टॅग (नाव) मिळतो. मेकमध्ये त्याने फाइलींवर आत्ताची वेळ पडते आणि बिल्ड झालंच असं धरलं जातं. कोड ०, स्टेज हिरवी. लाल स्टेजकडे कोणीतरी धावतं तरी. मला खरी भीती या खोट्या हिरव्याची वाटते.

यात टूल लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही. मूळ मेक १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं, डॉकर आलं २०१३मध्ये. प्रत्येकाला आपल्या आधीच्यांची अक्षरं सांभाळावी लागली. दूरच्या मशीनवर शिरायच्या एसएसएचला पोर्ट (जोडणीचा क्रमांक) लहान ‘-पी’ने देतात, पण तिथे फाइली पाठवायच्या एससीपीमध्ये मोठा पी लागतो, कारण तिथला लहान पी फाइलींच्या वेळा आणि परवानग्या जपण्यासाठी आधीच घेतलेला होता. क्यूबरनेटिस हाताळायच्या क्यूबसीटीएलमध्ये तर एकाच टूलच्या पोटात दोन अर्थ: ‘अप्लाय’पुढे ‘-एफ’ म्हणजे फाइल, ‘लॉग्ज’पुढे ‘-एफ’ म्हणजे येणारे लॉग दाखवत राहा. हे आता कोणी बदलायला गेलं तर जगभरच्या स्क्रिप्ट्स मोडतील. म्हणजे काळजी आपणच घ्यायची.

सगळीकडे लांब नाव मिळतंच असं नाही. मॅकवरचं सेड (फाइलीतला मजकूर बदलणारं टूल) बीएसडी या वेगळ्या युनिक्स घराण्यातलं. लिनक्सवर जीएनयू सेडला चालणारं ‘--इन-प्लेस’ त्याला कळत नाही. तिथे अक्षरच लिहा, पण वरच्या ओळीत त्याचा अर्थ कमेंटमध्ये टाका. ती कमेंट मराठीत असली तरी मी रिव्ह्यूमध्ये अडवणार नाही.