मिद्राश वाचन: सहावा महिना, चौथ्या अध्यायातच

मिद्राश म्हणजे रब्बींनी, ज्यू धर्मगुरूंनी, बायबलच्या वचनांचा अर्थ लावताना रचलेलं जुनं साहित्य. पहिले तीन महिने मी ते उलट्या टोकाने वाचत होते. अब्राहाम बापाच्या मूर्ती फोडतो, अशा गोष्टी नुसत्या गोष्टी म्हणून वाचायच्या आणि पुढे जायचं. गोडी लागली, पण त्या गोष्टी सुचल्या कुठून हे कळेना.

आता आधी तोरातलं, म्हणजे ज्यूंच्या बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतलं, वचन हिब्रूत घेते, अक्षरं लावत. खटकेल तिथे पेन्सिलीची खूण. मगच 'बेरेशीत रब्बा' उघडायचं. साधारण 5व्या शतकात गालीलमध्ये संकलित झालेला हा उत्पत्ती या तोराच्या पहिल्या पुस्तकावरचा मिद्राश. 'मिद्राश' ज्या 'दाराश' धातूवरून आला त्याचा अर्थच शोधणं, विचारणं.

या महिन्याचा बराचसा वेळ उत्पत्ती 4:8 ने घेतला. काइन आपला भाऊ हाबेल याला म्हणाला... आणि पुढे काहीच नाही! लगेच दोघं शेतात, आणि खून. जुन्या ग्रीक भाषांतरात तिथे 'चल, शेतात जाऊ' अशी भर आहे. रब्बींनी मात्र मोकळी जागा तशीच ठेवून विचारलं, भांडण कशावरून झालं?

एक मत असं: भावांनी जग वाटून घेतलं, एकाला जमीन, दुसऱ्याला जंगम माल. मग एक म्हणतो, 'तू उभा आहेस ती जमीन माझी', दुसरा म्हणतो, 'तुझ्या अंगावरचे कपडे माझे'. वाटणीची भांडणं पाहिलेल्या कुणालाही हे पटेल. दुसरं मत: यरुशलेमचं मंदिर कुणाच्या हद्दीत बांधायचं यावरून. हे आधी मला ओढूनताणून वाटलं. मग आधार सापडला: वचनात 'सादे' म्हणजे शेत आहे, आणि मीखा संदेष्ट्याच्या पुस्तकात, 3:12 मध्ये, 'सियोन (मंदिराची टेकडी) शेतासारखं नांगरलं जाईल' असं म्हटलंय. एका शब्दाने दोन पुस्तकं जोडली. त्या रात्री मला झोप लागेना. तिसऱ्या मतात वाद बाईवरून आहे. तिन्ही मतं शेजारी शेजारी उभी आहेत, निकाल कुणीच देत नाही.

अडचण आहे ती अरामीची, हिब्रूच्या जवळच्या जुन्या भाषेची. हिब्रूमधून वाक्य मध्येच अरामीत शिरतं आणि मी अडकते. तिथे भाषांतराचा आधार घेते.

कायद्याकडचे मिद्राश (मेखिल्ता, सिफ्रा, सिफ्रे) सध्या बाजूला ठेवलेत. लेवीय पुस्तकावरच्या 'वायिक्रा रब्बा'तल्या पेतिख्ता, म्हणजे प्रास्ताविकं, मात्र खुणावताहेत: दुसऱ्याच पुस्तकातलं वचन घेऊन सुरुवात करायची आणि फिरत फिरत त्या आठवड्याला सभास्थानात वाचायच्या तोराच्या पाठाच्या पहिल्या वचनावर येऊन पोचायचं. बुवांनी निरूपणाला घेतलेला अभंग आठवला. आपल्याकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मंडळींनी 19व्या शतकात बायबलच्या कथांवर मराठी कीर्तनं केली होती, ती या नजरेने वाचायला मिळाली तर किती बरं होईल. कुणाकडे संहिता असेल तर जरूर कळवा.

पुढच्या आठवड्यात 4:10. तिथे 'तुझ्या भावाचं रक्त' म्हणताना रक्ताला हिब्रूत 'दमे' असं अनेकवचन आलंय. खूण केली आहे, पान अजून उघडलेलं नाही.